फ्रेंच लाँड्री: नावाला जागते, की नुसत्या नावावर चालते?

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या यांटव्हिल गावच्या फ्रेंच लाँड्री या रेस्टॉरंटमध्ये कुणी जेवून आलंय का? नवऱ्याची पन्नाशी आहे आणि त्याच्या मित्राने टॉक या आरक्षणाच्या साइटवर झटापट करून चौघांचं टेबल मिळवलंय. माणशी चारशे डॉलरच्या आसपास, वाइन वेगळी, पैसे आधी. आम्ही दोघांनी आजवर कुठल्याही जेवणाला एवढे मोजलेले नाहीत, म्हणून हा धागा.

नेटवर बघावं तर दोनच टोकं. एक "आयुष्यात एकदा तरी" वाले, दुसरे "उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय" वाले. पहिल्या गटातले निळ्या दारासमोर उभं राहून काढलेला फोटो टाकतात आणि जेवणाबद्दल तीन शब्द लिहितात. दुसऱ्या गटातले बरेचसे आत गेलेलेच नसतात. मला या दोन्हींच्या मधलं काहीतरी ऐकायचंय.

कीर्तीबद्दल वाद नाही. १९९७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या रूथ राइशल यांनी अमेरिकेत जेवायला जाण्यासाठी याहून उत्साह वाटावा अशी जागा नाही, असं लिहिलं होतं. २००३ आणि २००४, लागोपाठ दोन वर्षं, जगातल्या सर्वोत्तम पन्नास रेस्टॉरंटांच्या यादीत पहिला नंबर. रेस्टॉरंटांना स्टार देणारं मिशलिन गाइड सॅन फ्रान्सिस्को बे एरियासाठी २००६ मध्ये पहिल्यांदा आलं, त्यात तीन स्टार, म्हणजे सर्वांत वरचे. पण हे सगळं होऊन आता दोन दशकं लोटली की. आज तिथे जाऊन बसणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. नवरा शाकाहारी (अंडं चालतं), मी सगळं खाते. आणि वाइनमधलं आम्हाला दोघांनाही ओ की ठो कळत नाही.

तिखट मतं चालतील. फक्त "त्या पैशांत अमुक आलं असतं" हा हिशोब नको, तो मी रोज रात्री करतेच आहे.

उंटावरचा_शहाणा

पहिला रुमाल माझा. हिशोब करू नका म्हणालात म्हणजे येणाऱ्या प्रतिसादांतले निम्मे आत्ताच बाद झाले.

डोंगरवाट

गेलोय. एकदा कंपनीच्या खर्चाने गेलो होतो, त्या वेळच्या आनंदात थोडी सूट धरा.

जागेपासून सुरुवात करतो, कारण अपेक्षा तिथेच चुकतात. लोकांना वाटतं झुंबरं, संगमरवर, पियानो. प्रत्यक्षात रस्त्याला लागून एक दुमजली दगडी घर आहे. आधी तिथे सलून होतं, १९२०च्या दशकात वाफेवर चालणारी फ्रेंच लाँड्री होती, नाव तिथूनच आलं. डॉन आणि सॅली श्मिट या जोडप्याने ती इमारत नीट करून १९७८ मध्ये रेस्टॉरंट सुरू केलं. सॅली स्वतः रांधायच्या, मेनू ठरलेला, आणि टेबल एकदा मिळालं की रात्रभर तुमचंच. शेफ थॉमस केलर यांनी १९९४ मध्ये त्यांच्याकडून ते बारा लाख डॉलरला घेतलं. पैसे खिशात नव्हते, कितीतरी लहान गुंतवणूकदार गोळा करून उभे केले. आज जगभर केलरचं नाव घेतात, पण ठरलेला मेनू, एकच बैठक आणि दाराशी पिकलेली भाजी ही मांडणी त्या जागेत सॅलीबाईंनी आधीच घालून दिली होती, हे फार थोडे सांगतात.

आता जेवण. नऊ पदार्थांचे दोन मेनू असतात, एक शेफचा आणि एक भाज्यांचा. मेनू रोज बदलतो, आणि एका जेवणात कुठलाही मुख्य घटक पुन्हा येत नाही असा त्यांचा दंडक आहे. सुरुवातीला हातात एक इवलासा कुरकुरीत कोन येतो, आत क्रेम फ्रेश (आंबटसर साय), वर बारीक चिरलेला कच्चा सामन. ही कल्पना केलरना आइस्क्रीमच्या दुकानात कोन हातात घेतल्यावर सुचली, हे ते स्वतःच सांगतात. त्यानंतर त्यांचा सर्वांत नावाजलेला पदार्थ: साबुदाण्यासारख्या टॅपिओकाच्या मोत्यांचं सबायाँ (अंड्याच्या बलकाचा फेसाळ सॉस), त्यात शिंपल्यातले ऑयस्टर आणि वर कॅव्हिआर, म्हणजे माशाची खारवलेली अंडी. नाव "ऑयस्टर्स अँड पर्ल्स". वाचताना वाटतं की उगाच शब्दांचा खेळ आहे. तोंडात घातल्यावर मात्र कोमट, मऊ, खारट सगळं एकदम येतं आणि टेबलावरचे सगळे क्षणभर गप्प होतात.

माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन आणि शेवटचे दोन-तीन पदार्थ अफाट. मधल्या मांस-माशाच्या भागात निर्दोष काम दिसतं, पण घरी येऊन आठवत नाही. पाव आणि लोणी मात्र आठवतं.

साडेतीन_ताल

"मिळालेले स्टार" म्हणजे नक्की काय, हे एकदा स्पष्ट करून टाकूया, कारण अर्ध्या अपेक्षाभंगाचं मूळ तिथे आहे. मिशलिनचे निरीक्षक पाच गोष्टी बघतात: मालाचा दर्जा, शिजवण्याचं कसब, चवींचा मेळ, पदार्थांतून दिसणारा शेफचा स्वभाव आणि सातत्य. खुर्ची, चादर, वाढणाऱ्यांचं हसू यांतलं काहीही स्टारमध्ये मोजत नाहीत. म्हणजे तीन स्टार बघून "राजेशाही थाट असेल" असं समजणाऱ्याने स्वतःच दुसरी परीक्षा लावलेली असते.

पन्नासांची यादी हा तर निराळाच प्रकार. तिथे कुणी निकष लावून तपासणी करत नाही, जगभरातले मतदार आपापली मतं देतात. आणि २०१९ पासून नियमच असा की जो एकदा पहिला आला तो पुन्हा यादीत येत नाही. त्यामुळे "फ्रेंच लाँड्री आता यादीत कुठेच नाही, म्हणजे घसरली" असं जे बोललं जातं, त्यात काही दम नाही.

उंटावरचा_शहाणा

ते सगळं खरं हो. मूळ प्रश्न असा की नऊ पदार्थ, प्रत्येक तीन घासांचा. पोट भरतं का?

डोंगरवाट

भरतं. शेवटी नको नको होतं. मोजलेले नऊ संपले तरी गोडाचं संपत नाही, कॉफीच्या थंड सेमीफ्रेडोबरोबर (आइस्क्रीमसारखा अर्धवट गोठवलेला गोड पदार्थ) गरम डोनट, मग चॉकलेटं. तीन-चार तास धरून चला.

तिरकी_रेघ

मी सरळच लिहिते. मला ती जागा आज तिच्या कीर्तीएवढी वाटत नाही, आणि त्यात तिथल्या स्वयंपाकघराचा दोष नाही.

१९९४ची अमेरिका डोळ्यांसमोर आणा. चांगलं रेस्टॉरंट म्हणजे आधी एक सूप किंवा सॅलड, मग भलंमोठं मांस, मग केक. केलरनी त्याचे तुकडे केले. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या दोन घासांत जी मजा असते ती पाचव्या घासाला राहत नाही, म्हणून "अजून एक घास असता तर" असं वाटेल तिथेच ताटली उचलायची. फ्रेंच शिस्तीचं काम, पण त्यावर नावं कॉफी-डोनटसारखी थट्टेखोर. भपक्याच्या जेवणात आइस्क्रीमचा कोन. हे तेव्हा कुणी केलेलं नव्हतं, निदान या देशात एवढ्या नेमकेपणाने तर नाहीच.

मग काय झालं? तिथे शिकलेले लोक बाहेर पडले. ग्रँट अ‍ॅकेट्झ यांनी शिकागोत अलिनिया उघडलं, कोरी ली यांनी सॅन फ्रान्सिस्कोत बेनू. कोपनहेगनच्या नोमा रेस्टॉरंटचे रेने रेड्झेपीही काही काळ तिथे काम करून गेलेत. त्यांनी आपापल्या वाटा काढल्या, आणि जे तिथे शिकले नव्हते त्यांनी नक्कल केली. आज कुठल्याही मोठ्या शहरातलं टेस्टिंग मेनूवालं (ओळीने बरेच छोटे पदार्थ वाढणारं) ठिकाण घ्या: सुरुवातीला हाताने खायचा एक चुटकुला, अंड्याच्या कवचात काहीतरी, ओळखीच्या पदार्थाचं नाव देऊन अनोळखी काहीतरी. जी चाल तीस वर्षं सगळ्या गावाने गुणगुणून गुळगुळीत केली, तीच चाल मूळ गायकाकडून ऐकायला आपण चारशे डॉलर देतो. गायक अजूनही पक्का सुरात आहे. पण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा कुठून येणार?

म्हणून माझं उत्तर: कसब बघायला जा, चकित व्हायला जाऊ नका. आणि ज्यांनी अशी दहा ठिकाणं पालथी घातलीत त्यांनी तर हेल्ड्सबर्गच्या सिंगलथ्रेडला नाहीतर बेनूला जावं, तिथे आजचे प्रश्न सोडवणं चाललंय.

पानगळ

तिरकी_रेघ यांना शंभर टक्के अनुमोदन. प्रतिसाद जपून ठेवला.

डोंगरवाट

रेघताई, निदान बरोबर, औषध चुकलं. तुमच्या म्हणण्यातूनच उलटा निष्कर्ष निघतो. चैत्रपालवी यांनी असं जेवण आजवर केलेलं नाही. त्यांच्या कानावर ती चाल पडलेलीच नाही! मग नक्कल आधी ऐकायची आणि मूळ नंतर, हे कुठलं शहाणपण? दहा ठिकाणं फिरलेल्याला ती जागा फिकी वाटेल, मान्य. पण पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही, कारण तिथे कोडी घालत नाहीत. काय खातोय ते कळतं. सिंगलथ्रेडला टेबलावर मांडलेल्या पानाफुलांतलं खायचं काय आणि शोभेचं काय, इथपासून सुरुवात असते.

तिरकी_रेघ

म्हणजे "तुम्ही बाकीचं बघितलेलं नाही, म्हणून तुम्हाला आवडेल". हे जगातल्या एके काळच्या पहिल्या नंबरचं कौतुक झालं का हो?

डोंगरवाट

कौतुक नसेल, सल्ला तर आहे. त्यांनी सल्ला मागितलाय.

कढईकर

मी क्रूझच्या स्वयंपाकघरात काम करतो. फ्रेंच लाँड्रीत जेवलेलो नाही आणि जेवेन असं वाटतही नाही. पण आमच्या धंद्यात त्या जागेचं नाव वेगळ्या कारणाने घेतात, ते इथे कुणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितो.

केलरच्या स्वयंपाकघरात डब्यावर लावायची चिकटपट्टी हाताने फाडत नाहीत, कात्रीने सरळ कापतात. मासा बर्फात ठेवताना पाण्यात पोहतो तसा उभा ठेवतात, आडवा टाकला तर मांसावर दाब पडतो म्हणून. सॉस जाळीदार शंकूतून एकदा नाही, पुन्हा पुन्हा गाळतात, जाळीत काही उरत नाही तोवर. घड्याळाखाली पाटी आहे, "सेन्स ऑफ अर्जन्सी". यातली एकही गोष्ट जेवणाऱ्याला दिसत नाही. पण या शंभर बारीक गोष्टी रोज रात्री तशाच होतात, म्हणून मंगळवारचं आणि शनिवारचं ताट सारखं निघतं. वर कुणीतरी सातत्य म्हणालं ना, ते हेच. आमच्याकडे एक पदार्थ एकदा उत्तम करणारे खूप असतात. तोच पदार्थ रोज तसाच करणारे शोधावे लागतात.

पैशांचंही सांगतो. एवढ्या लहान जागेत पाहुण्यांच्या मानाने कामाला माणसं फार असतात. मटार सोलणारा, पानं निवडणारा, भांडी चकचकीत करणारा, सगळ्यांचे पगार त्याच मोजक्या खुर्च्यांतून निघायचे. शिवाय २०१७ मध्ये पुरं झालेलं त्यांचं नवं स्वयंपाकघर. स्नोहेट्टा या वास्तुरचनाकारांच्या कंपनीने केलं, एकंदर खर्च एक कोटी डॉलरच्या घरात. आधी पैसे घ्यायची पद्धतही त्यातूनच आली. टॉक काढलं अलिनियाच्या निक कोकोनास यांनी, कारण चार माणसांचं एक टेबल आलंच नाही तर त्या रात्रीचा नफा तिथेच बुडतो. नाटकाचं तिकीट आधी काढतो तसं. मेनू ठरलेला, डोकी ठरलेली, म्हणजे माल नेमका तेवढाच आणता येतो. चारशे डॉलर डोळ्यांत खुपतात, ते खरंच आहे, पण मालकाच्या खिशात ते सगळे जात नाहीत.

चैत्रपालवी

कढईकर, हे फार आवडलं. कात्रीने चिकटपट्टी! आता मी घरात तेच बघत बसणार.

बरं, शाकाहाराचं कुणी सांगेल का? नवऱ्याला "बिचाऱ्याला काहीतरी द्या" असं वाढलेलं ताट नकोय.

साडेतीन_ताल

ही जागा त्या बाबतीत बहुतेकांच्या पुढे आहे. भाज्यांचा मेनू तिथे कितीतरी वर्षांपासून रोज असतो, मांसाहारी मेनूएवढाच लांब, त्याच किमतीचा. "हे काढून ते घातलं" असा तो नसतो, आधीपासून वेगळा रचलेला असतो. समोर रस्त्यापलीकडे त्यांची तीन एकरांची बाग आहे, बरीच भाजी तिथूनच येते. संध्याकाळी थोडं आधी पोहोचून बागेत चक्कर मारा, आत जायला कुणी अडवत नाही. त्यांची माणसं कात्री घेऊन पानं खुडताना दिसतात.

पण दोन सूचना. भाज्यांचा मेनू म्हणजे लोणी, सायी, चीज, अंडी यांची रेलचेल. आणि अशा फ्रेंच वळणाच्या स्वयंपाकघरांत रस्सा, जिलेटिन, चीजमधलं रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं विरजण) यांबद्दल ज्याची त्याची व्याख्या वेगळी असते. नवरा कडक असेल तर आधी ईमेल करून स्पष्ट विचारा. टेबलावर बसल्यावर विचारलं तर ऐन वेळी कुणाच्याच हातात फारसं काही राहत नाही.

पानगळ

हाच अनुभव. याच नाही, दुसऱ्या एका तीन स्टारवाल्या ठिकाणी (नाव घेत नाही) आम्ही शाकाहारी आहोत हे आरक्षणात लिहिलेलं असूनही लागोपाठ तीन ताटल्यांत शतावरीचेच अवतार आले. पैसे मात्र शेजारच्या लॉबस्टरवाल्याइतकेच. तेव्हापासून मी आधी फोन करून मेनूची साधारण कल्पना घेते, लाजत नाही.

उंटावरचा_शहाणा

गंभीर चर्चा चाललीये म्हणून थोडं अवांतर. २०१४च्या नाताळात या लोकांच्या तळघरातून वाइनच्या ७६ बाटल्या चोरीला गेल्या होत्या, बहुतेक बर्गंडीतल्या रोमाने-काँतीच्या, किंमत तीन लाख डॉलर. जानेवारीत बहुतेक बाटल्या सापडल्या कुठे, तर देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये. चोराला वाइनमधलं कळत होतं, चैत्रपालवींसारखं नव्हतं.

चैत्रपालवी

😄 आम्ही तळघरात गेलो तर लेबल बघून सुंदर दिसेल ती उचलू.

वळणावरचा_वड

वर सगळं गोडगोड चाललंय, म्हणून थोडं मीठ टाकतो.

एक, केलर यांचंच न्यूयॉर्कचं रेस्टॉरंट, पर से. २००४ मध्ये उघडलं, दोन्ही स्वयंपाकघरांत थेट व्हिडिओ जोडलेला, विचार एकच. जानेवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पीट वेल्स यांनी त्याला चारवरून थेट दोन स्टारवर आणलं (हे टाइम्सचे स्वतःचे स्टार, मिशलिनचे नव्हेत). मश्रूमच्या साराला त्यांनी दिलेली उपमा इथे लिहिण्यासारखी नाही. त्यांची मुख्य तक्रार एखाद्या पदार्थापुरती नव्हती. एवढे पैसे घेऊन वाढणारे थंड आणि बेफिकीर, अशी ती होती. केलरनी जाहीर माफी मागितली, तो त्यांचा मोठेपणा. पण "सातत्य" म्हणून वर जी आरती चाललीये, ती त्याच घरात एकदा मोडलेली आहे, एवढं लक्षात असू द्या.

दोन, ही जागा आता जेवणापेक्षा मोठेपणाची खूण म्हणून ओळखली जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये कोविडचे निर्बंध लावणारे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम तिथेच पार्टीत जेवताना पकडले गेले आणि त्यांना मतदानाने पदावरून परत बोलावण्याच्या मोहिमेला त्यातून चांगलंच इंधन मिळालं. २०२१च्या मतदानात ते तरले, पण रेस्टॉरंटचं नाव मात्र "बड्यांचं वेगळं जग" या अर्थाने घरोघरी पोहोचलं.

तीन, आणि मला सर्वांत खटकलेलं: २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलच्या समीक्षकेने लिहिलं की ती तिथे जेवायला गेली असता केलर स्वतः तिला अंगणात घेऊन गेले आणि तू निघून जावंस असं सांगितलं. नंतर बोलणं होऊन जेवण वाढलं गेलं, ते वेगळं. तीस वर्षं कौतुकाच्या राशीवर बसलेल्या माणसाला एका समीक्षकेचं येणं का खुपावं? ज्याला आपल्या ताटावर भरवसा आहे त्याने फक्त वाढावं.

तिरकी_रेघ

तिसऱ्या मुद्द्यावर मी वडाच्या बाजूने आहे. पहिल्यावर नाही. पर से ही गगनचुंबी इमारतीतल्या मॉलच्या चौथ्या मजल्यावरची जागा आहे. तिथला उणेपणा यांटव्हिलच्या माथी मारायचा असेल तर मग यांटव्हिलचं कौतुकही पर सेला द्यावं लागेल.

वळणावरचा_वड

नाव एकाचं, किंमत त्याच घरातली, मग दोषही घरचाच. कौतुकाच्या वेळी "केलरचं घराणं", आणि बोलणी बसली की "ती शाखा वेगळी"?

साडेतीन_ताल

दोघेही एका गोष्टीवरून घसरताय. समीक्षक घसरण दाखवतो तेव्हा ती सुधारायची संधी असते, आणि पर सेला न्यूयॉर्कमध्ये तो आरसा मिळाला. यांटव्हिलच्या वाट्याला तसं फार क्वचित आलं. लहान गाव, वाइनचे पर्यटक, वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस. येणारा प्रत्येक जण खूश व्हायचं ठरवूनच आलेला असतो. एवढे पैसे भरून "ठीकठाक होतं" म्हणायला धाडस लागतं. मला वाटतं कीर्तीला खरा धोका तिथे आहे. पाहुणाच खोटं बोलतो, मग स्वयंपाकघराला खरं कोण सांगणार?

डोंगरवाट

हे मात्र पटलं. माझ्या कंपनीच्या जेवणात एकाला कच्चा मासा अजिबात चालत नव्हता, पण तोही ताटली रिकामी करून "मार्व्हलस" म्हणाला.

पानगळ

चैत्रपालवी, आता कामाचं. पुरुषांनी जॅकेट घालून जावं, जीन्स आणि खेळाचे बूट चालत नाहीत. सर्व्हिस किमतीत धरलेली असते, वर टिप द्यायची गरज नाही. आणि मेनूवर कॅव्हिआर, ट्रफल (महागडी जंगली बुरशी), वाग्यू (जपानी गोमांस) असं काही "जास्तीचं" लिहिलेलं दिसेल, त्याची किंमत चारशेच्या बाहेरची असते. वाढणारा इतक्या प्रेमाने विचारतो की नाही म्हणवत नाही, आणि बिल बघून घरी भांडण होतं. चौघांनी आधीच ठरवून जा, जास्तीचं घ्यायचं की नाही.

वाइन कळत नसेल तर पेअरिंगच्या, म्हणजे प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळ्या वाइनच्या, फंदात पडू नका. सोमेलियेला (वाइन सुचवणाऱ्या माणसाला) सरळ आकडा सांगा, "दोघांत एक ग्लास, एवढ्यापर्यंत". चांगल्या जागेची तीच तर परीक्षा. आकडा ऐकून चेहरा बदलला तर समजा कीर्ती पोकळ.

कढईकर

हे लाख बोललात. आणि स्वयंपाकघर बघायचंय म्हणून नम्रपणे विचारा, जमत असेल तर दाखवतात असं ऐकून आहे. ती पाटी बघून या माझ्यासाठी.

उंटावरचा_शहाणा

आणि लाकडी चिमटा! टेबलावर लाँड्रीचा चिमटा ठेवतात, लोक आठवण म्हणून घेऊन येतात. चारशेतून तेवढे वजा करा.

तिरकी_रेघ

चैत्रपालवी, जाता जाता एक पर्याय, तुम्हाला हिशोब नको असला तरी. त्याच गावात केलरचंच अ‍ॅड हॉक नावाचं रेस्टॉरंट आहे. चार पदार्थांचा ठरलेला मेनू, मोठ्या भांड्यातून सगळ्यांनी वाढून घ्यायचं, जॅकेट-बिकेट काही नाही. किंमत लाँड्रीच्या पासंगालाही पुरत नाही. तळलेल्या कोंबडीसाठी लोक मुद्दाम जातात. २००६ मध्ये तात्पुरतं म्हणून उघडलं होतं, लोकांनी बंदच करू दिलं नाही. मला विचाराल तर केलरचा हात तिथे जास्त मोकळा दिसतो. सगळ्यांना दाखवायचं ओझं नाही ना.

डोंगरवाट

कोंबडी. नवरा शाकाहारी. पन्नाशी नवऱ्याची.

तिरकी_रेघ

😀 बरं बाई, नाही, बरं दादा. तुमची लाँड्री तुम्हाला लखलाभ.

चैत्रपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता माझं मत तीनदा बदललं.

नवऱ्याला धागा वाचून दाखवला. रेघताईंची चाल आणि गायक त्याला पटलं, तरी म्हणाला, "मी मूळ गाणं ऐकलेलंच नाही, मला आधी ते ऐकू दे." म्हणजे टेबल ठेवतोय. त्याच्यासाठी भाज्यांचा मेनू, माझ्यासाठी दुसरा, आणि एकमेकांच्या ताटलीत हात घालायला मनाई नसावी अशी आशा. रस्सा आणि रेनेटबद्दल ईमेल आजच करते. जास्तीचं काही घ्यायचं नाही, हे मित्राच्या बायकोशी आत्ताच बोलून ठरवलं.

वडदादांच्या तिसऱ्या मुद्द्याने मात्र थोडं बिचकायला झालंय. आम्ही समीक्षक नाही, हे दारावरच सांगावं का?

एकच शंका राहिली. सॅन फ्रान्सिस्कोपासून साठेक मैल, जेवण रात्री उशिरा संपणार आणि थोडी तरी वाइन होणार. तुम्ही परत कसे आलात?

डोंगरवाट

गावात राहायची सोय महाग आहे. नापा शहरात खोली घ्या, दहा मैलांच्या आत आहे, पण टॅक्सी आधी ठरवून ठेवा. रात्री अकरानंतर त्या रस्त्यावर गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. आणि चौघांतला एक जण पीतच नसेल तर गाडी त्याच्या हाती द्या आणि पुढच्या वाढदिवसाला त्याला फुकट न्या.

उंटावरचा_शहाणा

चौथा मीच येतो, मी पीत नाही. कोंबडीही चालते.